सहावा मणी

पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात प्राचार्य बदलले, खडूफळे जाऊन प्रोजेक्टरचे पडदे आले, पण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेश्राम मामा होते ते होतेच. हुद्दा म्हणाल तर प्रयोगशाळा परिचर, म्हणजे चतुर्थ श्रेणी. काम म्हणाल तर काचपट्ट्या धुण्यापासून परीक्षेत चक्कर आलेल्या पोराला लिंबूपाणी देण्यापर्यंत सगळं. अॅप्रन विसरून आलेल्याला ते विचारायचे, "डोकं तरी आणलंय ना बरोबर? का तेही हॉस्टेलवरच?" हे असं बोलणं त्यांना पुण्यानं शिकवलं. मूळचे ते भंडारा जिल्ह्यातले, पवनीकडचे. चाळीस वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांना वाटायचं, इथली माणसं सदा रागावलेली असतात. मग कळलं की ही इथली बोलायची रीत आहे, आणि कळल्यावर त्यांनाही ती चांगलीच जमली.

नाव कचरू. आधीची दोन भावंडं लहानपणीच गेली, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. मरणाला वाटावं, असल्या नावाचं पोर काय न्यायचं. मरणानं खरंच नेलं नाही. वडील छप्पन साली नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेले. घरातले देव, पंचांग, पत्रिका सगळं त्यांनी एका दिवसात बाहेर काढलं होतं, आणि त्या गोष्टीचा अभिमान ते मरेपर्यंत सांगत राहिले. मामांनी वडिलांकडून जमीन घेतली नाही, कारण ती नव्हतीच. हा अभिमान मात्र त्यांनी पुरेपूर घेतला.

कॉलेजात जीवशास्त्राला सत्यशीला मॅडम होत्या. हुशार बाई, तिरकस बाई. त्यांचा डीएनएचा तास आला की मामा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, कारण त्या दिवशी मामांचं मॉडेल टेबलावर यायचं. तांबट आळीतून तांब्याची जाड तार आणि रविवार पेठेतून चार रंगांचे मणी आणून ते त्यांनी स्वतः वळलं होतं. पहिल्या वर्षी मॅडम पुस्तकी भाषेत समजावत होत्या आणि पोरं जांभया देत होती. मामांना राहवलं नाही. मागून म्हणाले, "मॅडम, डेडस्टॉक रजिस्टरचं सांगा ना." मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. माझा घसा तरी वाचेल." तेव्हापासून दर वर्षी मामाच सांगायचे.

"हे बघा. ऑफिसात डेडस्टॉक रजिस्टर असतं. कॉलेजातली प्रत्येक वस्तू त्यात लिहिलेली. ते कपाटातून बाहेर निघत नाही. वस्तू हवी असली तर तिची नोंद चिठ्ठीवर उतरवून घ्यायची, चिठ्ठी स्टोअरमध्ये न्यायची, तिथला माणूस चिठ्ठी वाचून एकेक वस्तू काढून देतो. आता, रजिस्टर म्हणजे डीएनए. पेशीच्या केंद्रकातून हलत नाही. चिठ्ठी म्हणजे आरएनए. स्टोअर म्हणजे रायबोसोम. रजिस्टरात अक्षरं फक्त चार. स्टोअरवाला तीन-तीन अक्षरं वाचतो आणि दर तीन अक्षरांना एक मणी ओवतो. मणी म्हणजे अमिनो आम्ल. माळ पुरी झाली आणि नीट दुमडली की झालं प्रथिन. तुमचं रक्त, तुमचे स्नायू, तुमचं ते सारखं मोबाइलकडे वळणारं डोकं, सगळं या माळांच्या जिवावर चालतं."

मग ते दुसरी वस्तू काढायचे. एक लांब माळ, एकशे सेहेचाळीस मण्यांची. सगळे पांढरे, फक्त सहावा लाल. "ही रक्तातल्या हिमोग्लोबिनची एक माळ. रजिस्टरात सहाव्या नोंदीत एक अक्षर बदललं. एकच. ए होता तिथे टी आला. चिठ्ठीवाल्यानं जसंच्या तसं उतरवलं, स्टोअरवाल्यानं जसंच्या तसं ओवलं. कुणाचीच चूक नाही. पण एक मणी बदलला आणि तांबडी पेशी गोल राहायची ती विळ्यासारखी वाकडी झाली. वाकडी पेशी बारक्या नसांत अडकते. तिथे रक्त थांबतं आणि माणूस दुखण्यानं तळमळतो. याला सिकलसेल म्हणतात. आमच्या विदर्भात फार आहे."

पोरं ऐकत राहायची. हे सगळं मामांनी सत्तावीस वर्षं, दर वर्षी, न चुकता सांगितलं. म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागाच नाही, आणि पुढच्या साऱ्या गोष्टीचं दुखणं तेच आहे.

दोन हजार अकरा साली कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं. विदर्भातून शिकायला आलेली मुलं बरीच होती, त्यांच्यासाठी. मुलं दंड पुढे करायला लाजत होती, म्हणून मामा बाही सरसावून पहिले बसले. आठ दिवसांनी मॅडमनी त्यांच्या हातात पाकीट ठेवलं. आत लिहिलं होतं की कचरू मेश्राम सिकलसेलचे वाहक आहेत.

"तुम्हाला काही होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे रजिस्टरच्या दोन प्रती आहेत, एक आईची, एक वडिलांची. एकीत लाल मणी आहे, दुसरी चांगली आहे. चांगलीवर तुमचं भागतंय. पण तुमच्या लेकीची, नंदाची तपासणी करून घ्या. आणि तिचं लग्न ठरवताना मुलाचीही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक मुलामागे चारातली एक भीती."

मामांना त्या क्षणी आपल्या आधी गेलेल्या दोन भावंडांचं आईनं सांगितलेलं आठवलं. मोठा भाऊ पाच वर्षांचा होऊन गेला, हातपाय सुजायचे, रात्रंदिवस रडायचा. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी काही. पन्नास वर्षं घरानं ज्याला नशीब म्हटलं ते या पाकिटात एका ओळीत लिहून आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मॅडम, आमच्यात पत्रिका जुळवत नाहीत."

"पत्रिकेतला मंगळ कुणी पाहिलेला नाही, कचरूभाऊ. हे मी तुम्हाला भिंगाखाली दाखवते. फरक आहे थोडा."

मामा हसले, पाकीट घडी करून खिशात घातलं, घरी जाऊन लोखंडी पेटीत कागदांच्या तळाशी ठेवलं. नंदाला सांगितलं नाही. बायको शकू चार वर्षांपूर्वीच वारली होती, त्यामुळे विचारायला आणि अडवायला कुणी नव्हतं.

अभिमान हे लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण त्याच्याही खाली होतं. ज्या माणसाच्या आजाची सावलीसुद्धा लोकांनी अंगावर पडू दिली नाही, ज्याच्या रक्ताला पिढ्यानपिढ्या वाईट म्हटलं, त्यानं आता स्वतःच कागद काढून दाखवायचा की होय, आमच्या रक्तात दोष आहे? चारचौघांत? मुलीच्या लग्नाच्या बैठकीत? मामांनी चतुर्थ श्रेणीची नोकरी करून नंदाला एम. कॉम. केलं होतं, येरवड्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. तेवढ्यावर कुणी बोट ठेवावं अशी फट त्यांना कुठे ठेवायची नव्हती. हे समजण्यासारखं आहे. मामांनाही ते समजत होतं, आणि म्हणूनच त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

चौदा साली विदर्भातल्या मंडळींचा वधू-वर परिचय मेळावा झाला. माइक हातात आल्यावर मामा म्हणाले, "आमच्या घरात काही म्हणजे काही जुळवत नाहीत. शिक्षण बघा, स्वभाव बघा, आणि मनं जुळली की झालं." टाळ्या पडल्या. ब्रह्मपुरीच्या रामटेकेबाईंना हे बोलणं फार आवडलं. त्यांचा रोहन चाकणला कारखान्यात इंजिनियर होता, शांत, निर्व्यसनी. सहा महिन्यांत लग्न लागलं. सत्यशीला मॅडम आल्या होत्या. आहेराचं पाकीट देताना त्यांनी मामांकडे नुसतं पाहिलं. मामांनी नजर वळवून वाढप्याला हाक मारली.

दोन वर्षांनी अक्षता झाली. दहा महिन्यांची असताना तिचे दोन्ही पंजे सुजले. पोर हात टेकवू देईना. दवाखान्यात सांगितलं, हात मुरगळला असेल. मग रक्त कमी म्हणून लोहाचं औषध दिलं. मग ताप आला, कावीळ झाली, परत पाय सुजले. वस्तीत सोजरबाई लहान मुलांना तेल लावायच्या, त्यांना बोलावलं. त्या सुजलेले तळवे चोळत होत्या आणि अक्षता किंचाळत होती, आणि तिनं हलू नये म्हणून तिला धरून बसले होते ते मामा. असं चौदा महिने चाललं. शेवटी एका तरुण डॉक्टरनं आधी गाव विचारलं, मग रक्त काढलं. अक्षताच्या दोन्ही प्रतींत लाल मणी होता. नंदा वाहक, रोहन वाहक.

डॉक्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर नंदा बापाशेजारी बसली. रडली नाही. ती मोजून-मापून बोलणारी मुलगी. म्हणाली, "बाबा, कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर वेगळं. आता स्वतःला दोष देऊन काय होणार?"

मामा म्हणाले, "हो."

त्या एका हो वर मामांची पुढची सात वर्षं गेली. अक्षताचं रोजचं औषध सुरू झालं, दुखणी कमी झाली, गेली नाहीत. ती शाळेत पाण्याच्या दोन बाटल्या न्यायची, पावसात भिजायची नाही, आणि दुखायला लागलं की रडायच्याऐवजी गप्प व्हायची, जे बघणं जास्त अवघड होतं. मामा निवृत्त झाले. दुपारी तिला शाळेतून आणणं, औषध देणं, पाय शेकणं हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं. लोक म्हणायचे, असा आजोबा मिळायला भाग्य लागतं. मामा ते ऐकून घ्यायचे. किती वेळा सांगायचं ठरवलं. पण नंदा ज्या आधारावर उभी होती तो आधार म्हणजे 'कुणालाच माहीत नव्हतं' हेच होतं. तो काढून घ्यायचा कसा? असं ते स्वतःला समजावायचे. खरं तर तो आधार नंदापेक्षा त्यांना जास्त लागत होता.

नंदा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती वस्त्यांमधून लग्नाआधी तपासणी करा म्हणून सांगत फिरू लागली. यंदाच्या फेब्रुवारीत येरवड्यातल्या बुद्धविहारात तिनं रविवारी सकाळी सभा ठेवली. लग्नाच्या वयाची मुलंमुली, त्यांचे आईबाप, साठ-सत्तर माणसं. खालच्या खोलीत रक्त घ्यायची सोय. ती बापाला म्हणाली, "मी पेशी, जनुक म्हणते तेव्हा लोक छताकडे बघतात. तुम्ही तुमचं रजिस्टर सांगा."

मामा मॉडेल घेऊन गेले. रजिस्टर, चिठ्ठी, स्टोअर सगळं सांगितलं. माळ उचलून सहावा मणी दाखवला. मग दोन मुठींत, एक आईची आणि एक बापाची, प्रत्येकीत एक पांढरा एक लाल असे मणी घेऊन दोन्हींतून एकेक असे चार वेळा काढून दाखवले: दोन्ही पांढरे, एक पांढरा एक लाल, पुन्हा तसंच, आणि मग दोन्ही लाल. अक्षता पहिल्या रांगेत बसून पाणी पीत होती. लोक ऐकत होते. बाया मान डोलावत होत्या.

तेवढ्यात खोब्रागडे गुरुजी उठले. वय ऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक, साऱ्या वस्तीत शब्दाला मान. शांतपणे म्हणाले, "मेश्रामजी, विज्ञान कबूल आहे. पण छप्पन साली बापांनी पत्रिका फेकल्या. आता पोरींच्या हातात ही रक्ताची पत्रिका काहून द्यायची? उद्या एखाद्या पोरीचा कागद वाईट आला तर तिला कोण करणार? आणि माफ करा, पण मेळाव्यात तुम्हीच म्हणाले होते, आमच्या घरात काही जुळवत नाहीत. मले तुमचं ते वाक्य अजून पाठ आहे."

सभेत हालचाल झाली. दोन-तीन जणांनी 'बरोबर' म्हटलं. मागची एक आई मुलीला घेऊन उठायला लागली. नंदानं माइक हातात घेतला आणि ती बापाकडे बघून हसली, विश्वासानं. म्हणाली, "गुरुजी, बाबा तसं म्हणाले, कारण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बाबा, सांगा ना तुम्हीच."

आणि तिनं माइक त्यांच्यापुढे धरला.

मामांनी समोर पाहिलं. उठलेली ती आई दाराशी पोचली होती. तिची मुलगी वीस-बावीसची असेल. अजून एक हो म्हणून हे निभलं असतं. पण मग ती मुलगी निघून गेली असती.

"मला माहीत होतं," मामा म्हणाले.

नंदाचा हात तसाच राहिला.

"अकरा साली माझा रिपोर्ट आला. मी वाहक. आमच्या मॅडमनी मला बजावून सांगितलं, पोरीचं तपासा, मुलाचंही तपासा. मी कागद पेटीत ठेवला आणि तीन वर्षांनी तुमच्यापुढे येऊन ते वाक्य बोललो. गुरुजी, तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी पत्रिकेच्या नावाखाली कागद लपवला. पत्रिका खोटी होती म्हणून आपल्या बापांनी फेकली. हा कागद खरा होता. मला लाज वाटली म्हणून मी लपवला. ही माझी नात आहे. तिला विचारा दुखतं कसं."

अक्षतानं बाटलीचं झाकण लावलं आणि आईकडे पाहिलं. गुरुजी हळूच खाली बसले. दाराशी गेलेली आई मुलीचा दंड धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग जिना उतरून खाली रक्त घेत होते तिकडे गेली. तिच्यामागे आणखी काही जण उठले.

नंदानं काम अर्धवट सोडलं नाही. बारापर्यंत ती खालच्या खोलीत नावं लिहून घेत बसली. एकेकाला समजावून सांगत होती, आवाज नेहमीचा. एकोणचाळीस जणांनी रक्त दिलं. एवढे आजवर कुठल्याच सभेत निघाले नव्हते. मामा एका कोपऱ्यात मॉडेल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना वाटलं, वाईटातून काही चांगलं झालं. माणूस असलं काहीतरी वाटून घेतोच.

परत जाताना तिघं चालतच निघाले. नंदाचं घर दहा मिनिटांवर. दर रविवारी मामांचं जेवण तिच्याकडे असायचं. अक्षता पुढे पुढे चालत होती.

"तपासलं असतं तर हे लग्न झालं नसतं," मामा म्हणाले. गेली सात वर्षं त्यांनी हे वाक्य मनात जपून ठेवलं होतं, कधी तरी उपयोगी पडेल म्हणून. "मग ही पोरगी पण नसती, नंदा. मी पस्तावायला बसलो की हेच येतं समोर. नको होतं असं कसं म्हणू?"

"तिला मध्ये आणू नका," नंदा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "लग्न करायचं का नाही ते मी आणि रोहननं ठरवलं असतं. कदाचित केलंच असतं. फक्त डोळे उघडे ठेवून. तिच्या नावावर तुम्ही सुटू नका."

 रस्त्यावर भाजीची गाडी आडवी होती, तिला वळसा घालून दोघं पुढे गेली.

"एक विचारते," नंदा म्हणाली. "लग्नाचं सोडा. लाज वाटली असेल, समजू शकते मी. पण ती दहा महिन्यांची होती. हात सुजले होते. डॉक्टर मुरगळलं म्हणत होते, सोजरबाई चोळत होत्या आणि तुम्ही तिला धरून बसला होता. चौदा महिने, बाबा. त्या दिवशी तुम्हाला तो कागद आठवला नव्हता का?"

मामांना नाही म्हणता आलं असतं. म्हातारं माणूस, विसरतं. नंदानं ते मानलंही असतं. ती त्या नाहीचीच वाट बघत होती, चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"आठवला होता," मामा म्हणाले. "पहिल्याच दिवशी. वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हे विचारशील."

नंदानं मान हलवली, एखाद्याचा पत्ता नीट कळल्यावर हलवतात तशी.  तिच्या इमारतीच्या दाराशी अक्षता थांबली होती. तिनं आजोबांचा हात धरला आणि म्हणाली, "चला ना, वरण गार होईल."

नंदानं लेकीचा हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला. अगदी हलकेच, दुखू नये म्हणून.

"आजोबा आज येणार नाहीत," ती म्हणाली.